शांतवनमामांच्या छातीवरची नावं

चार माणसं टाकीत उतरली की ती चारही वर येईस्तोवर शांतवनमामा बसत नसत. डेकचं लोखंड तापून बुटाच्या तळव्यातून चटके यायला लागले तरी नाही. चहा आला तर तिथंच निवून जायचा. कुणी हाक मारली तर मान वळवायचे, पण पाठ नाही. भोकाकडं पाठ करून उभे असलेले शांतवनमामा मी एकदाही पाहिले नाहीत.

भोक म्हणजे टाकीचं तोंड. आखातातल्या खोर फक्कानच्या बंदराबाहेर नांगर टाकून उभ्या असलेल्या जहाजांच्या तेलाच्या टाक्या साफ करायचं आमचं काम. टाकी म्हणजे तीन मजली घराएवढी लोखंडी पेटी, आणि तोंड एवढंसं की हात डोक्यावर घेतल्याशिवाय माणूस आत मावत नाही. आत अंधार, घोट्याएवढा तेलाचा चिखल, आणि डोळ्यांना न दिसणारा, कधीकधी नाकालाही न कळणारा गॅस. वरून ब्लोअरनं हवा सोडायची, त्या हवेवर आतली माणसं जगायची. ब्लोअर माझ्याकडं होता. तोंडावर मामा.

नियम असा होता की प्रत्येकाला नाव कोरलेला एकेक पितळी बिल्ला. आत जाताना तो तोंडावरच्या माणसाकडं द्यायचा, त्यानं बोर्डाच्या खिळ्याला अडकवायचा. वर आल्यावर ज्याचा त्यानं काढून घ्यायचा. बोर्ड मोकळा झाला म्हणजे टाकी मोकळी. पण मामा बोर्ड वापरत नसत. गळ्यात एक जाड सुतळी असायची, तिच्यात बिल्ले ओवून ते छातीवर घेत. मामा हलले की ते किणकिणायचे. आमचा फोरमन वर्गीस, केरळचा, त्याला हे खपायचं नाही.

"शांतवन, बोर्ड किसलिए दिया है कंपनीने?"

"बोर्ड को सुनाई नहीं देता, साब."

"और तुम्हारा छाती को सुनाई देता है?"

"देता है, साब."

वर्गीस कपाळावर हात मारून निघून जायचा. पण त्यानं सुतळी कधी काढायला लावली नाही.

उन्हात ते बिल्ले तापत. मजुरांच्या कॅम्पात आंघोळीच्या वेळी मामांची उघडी छाती मी पाहिली आहे. तिच्यावर रुपयाएवढे गोल, तांबूस डाग होते, एकमेकांवर चढलेले. मी विचारलं, तर म्हणाले, "उष्णतेचं हाय."

दर दहा मिनिटांनी मामा वाकून एकेकाचं नाव घेत. बिल्ल्यावरचं नाही, घरचं. नवा माणूस कामाला आला की त्यांचा पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "आई काय म्हणून हाक मारती?" माझं नाव मनोहर, आई मन्या म्हणायची, मामांसाठी मी पहिल्या दिवसापासून मन्या. पेशावरकडचा सहा फुटी पठाण होता, त्याची आई त्याला 'गुड्डू' म्हणायची हे साऱ्या डेकला मामांमुळं कळलं. भोकात तोंड घालून मामा "गुड्डू!" म्हणून ओरडले की खालून पान्यानं लोखंडावर दोन ठोके यायचे. ठण् ठण्. म्हणजे मी आहे. मग पुढचं नाव.

मामा नेवाशाकडचे. चालीरीतीनं, बोलण्यानं अस्सल नगरी. शुक्रवारी शारजाला गेलो की रोल्लाच्या बाजारात दुकानादुकानांत भाव विचारत फिरायचे आणि काही न घेता बाहेर यायचे. "बनियन वीस दिरहम? म्हंजे दोनशे रुपये! आरं, दोनशे रुपयांत आमच्याकडं नवरदेव सजतो." बंगाली दुकानदाराला ते मराठीतच सांगत, आणि तो हसून मान डोलवायचा. केसांना खोबरेल इतकं लावत की उशीला पिशवी घालावी लागे. गाण्यात सूर कधी लागायचा नाही, पण उपासनेत आवाज सगळ्यांच्या वर.

महिन्यातून एकदा चर्चच्या आवारातली एक खोली आम्हा मराठी माणसांना मिळायची. वीस-पंचवीस जण. मी जन्मानं ख्रिस्ती, जालन्याकडचा. शाळा आठवीत सुटली, पण देवाची भीती शाळेच्या आधीपासूनची. माझी प्रार्थना म्हणजे व्हिसाच्या खिडकीपुढं उभं राहिल्यासारखी. कागद हातात घट्ट धरायचे, आवाज बारीक करायचा, आणि आतला माणूस 'पुढच्या आठवड्यात या' म्हणणार हे धरून चालायचं. पहिल्याच महिन्यात मामांनी ते ओळखलं. उपासना संपल्यावर आवारातल्या कडुनिंबाखाली बिर्याणीचे डबे उघडून बसलो होतो.

"कुणाला भितो रं तू एवढा?"

"माझं काही चुकलं असंल तर…"

"असलंच. न चुकलेला माणूस प्रार्थनेला कशाला यील? ऐक. जुन्या काळी वरसातनं एक दिवस, एकच माणूस देवळातल्या पडद्याआड, देवापुढं जायचा. याजक. सगळ्या लोकांची नावं दगडावर कोरून छातीवर बांधलेली. झग्याला घंटा. बाहेर सारी जमात कान लावून उभी. घंटा वाजती तवर तो जिता हाय, आन् तो जिता हाय म्हंजे आपण जिते. बोकडाचं रक्त घिऊन जायचा. पुढल्या वरसाला पुन्ना. त्याच्या पुढल्या वरसाला पुन्ना. म्हंजे काय? आदल्या वरसाचं पुरलं न्हाई."

"मग?"

"मग आपला प्रभू गेला. सोताचं रक्त घिऊन गेला, एकदाच. आन् गेला तो तिथं बसला. याजक काम हाय तवर उभा असतो, मन्या. बसला म्हंजे काम उरलं न्हाई. खलास. आता तू चोरावाणी कशाला जातो? तुझं नाव आत आधीच पोचलंय. छाती काढून जा."

मला ते इतकं आवडलं की मी न विचारायचं विचारून बसलो. "मग मामा, तुम्ही का बसत नाही कधी?"

त्यांच्या हातातला घास तसाच राहिला. उन्हात बसलेल्या माणसाच्या तोंडावरून ढगाची सावली जावी तसं काहीतरी गेलं.

"मी तो न्हाई," म्हणाले, आणि डबा झाकला.

त्या हिवाळ्यात ती धुक्याची सकाळ आली. लाँचमधून जाताना समोरचं जहाज दिसेना, नुसता भोंगा ऐकू यायचा. डेकवर चढलो तर जहाजाचं दुसरं टोक नव्हतंच. पाच जण उतरले. मामांनी पाच नावं घेतली, पाचदा दोन-दोन ठोके आले, काम झालं, पाचही जण वर आले. प्रत्येकानं आपला बिल्ला सुतळीतून काढून घेतला. मामांच्या छातीवर नुसती सुतळी राहिली. मी ब्लोअरच्या बटणाकडं हात नेला.

खालून आवाज आला. ठण् ठण्.

पठाणानं हेल्मेट काढलं. बोटानं आम्हाला मोजलं, एकदा, मग पुन्हा. पाच ते, मी, मामा, वर्गीस. "साब," तो हळू म्हणाला, "नीचे कौन है?"

"कोई नहीं है. लोहा गरम होता है तो आवाज करता है," वर्गीस म्हणाला. सूर्य उगवल्याची खूण नव्हती. रेलिंगवर दव होतं, आणि वर्गीसचा हात त्या गार रेलिंगवरच होता. त्यानं तो काढून खिशात घातला.

मामा एकटे दचकले नव्हते. ते वाकले, भोकाच्या कडेवर दोन्ही हात ठेवले आणि आत म्हणाले, "व्हय. हाय मी. बंद करीत न्हाई." मग मला, "ब्लोअर चालू ठेव, मन्या."

वीस मिनिटं आम्ही रिकाम्या टाकीला हवा देत उभे होतो. मग मामा सरळ झाले आणि एक पाऊल बाजूला सरले, अरुंद जिन्यावर वर येणाऱ्याला आपण वाट देतो ना, तसे. मान थोडी खाली घातली. मी त्यांच्यापासून चार हातांवर होतो. माझ्या अंगावरून गार हवा गेली असं मी आजवर कुणाला सांगितलेलं नाही, कारण ब्लोअर माझ्याच हाताशी होता.

"कर बंद," मामा म्हणाले.

पुढच्या शुक्रवारी शारजाहून परत येताना बस डोंगरातून चालली होती. दुपारचं ऊन, दोन्ही बाजूंना तांबडे, एक झाड नसलेले डोंगर. मामा खिडकीकडं बघत बोलायला लागले. मी विचारलं नव्हतं.

"चार वरसं झाली. दुसरी कंपनी व्हती, ह्योच समुद्र. अनंता म्हणून पोरगा व्हता, मालवणकडला. सगळे वर आले, आपापले बिल्ले घेतले, बोर्ड मोकळा. तवा मी बोर्डच वापरायचो. मग ध्यानात आलं, माझी बॅटरी आत राहिली. सकाळी मीच तपासायला उतरलो तवा ठेवली व्हती. म्हटलं, अनंता, तेवढी आण रं. तो हसत गेला. बिल्ला त्याच्या खिशातच. तेवढ्यात जेवणाची लाँच लागली, कुणीतरी हाक मारली, माझी पाठ फिरली. वळलो तवा बोर्ड बघितला. मोकळा. जेवणाच्या टायमाला झाकण टाकायचा नियम. ब्लोअर बंद करायला लावला आन् झाकण टाकलं."

बस एका वळणावर कलली. मामांनी पुढच्या सीटचा दांडा धरला.

"मी जेवत व्हतो. दोन ठोके आले. ऐकले मी, मन्या. ह्या कानांनी ऐकले. आन् बाजूच्याला म्हणालो, लोखंड तापलं वाटतं."

मामांची नजर खिडकीबाहेरच होती.

"चौकशी झाली. सायबानं विचारलं, बिगरबिल्ल्याचा आत कसा गेला? माझ्या तोंडातनं निघालं, मी नको म्हणत व्हतो, त्यानं ऐकलं न्हाई. त्यावर सही केली. त्याच्या घरी तसंच कळवलं."

"मामा," मी म्हणालो, "तुम्हीच सांगता, देवानं माफ केलं. खलास. मग अनंताच्या घरी खरं कळवलंत?"

कॅम्पापाशी उतरताना एवढंच म्हणाले, "तू शाळा कशाला सोडली रं? वकील झाला असतास."

दोनेक महिन्यांनी नवी माणसं आली. त्यात तिशीतला एक बारीक, हसरा माणूस, विश्राम परब. मामांनी नेहमीसारखं विचारलं, "आई काय म्हणून हाक मारती?"

"माका बाबलो म्हणता. आनि माझ्या मोठ्या भावाक, अनंताक, आबा. तो हयसरच होतो, असल्याच कामाक. टाकीत गेलो."

मामांच्या हातात त्याचा बिल्ला होता. मी त्यांचा हात बघत होतो.

"कसा गेला?"

"आपल्याच चुकीन. वरचो मोठो माणूस नको म्हणत होतो, तरी उतरलो. आयेन त्याचो फोटो भिंतीकडे तोंड करून लावलान हा. म्हणता, सांगलेला आयकूक नाय, आता माझ्याकडे बघू नको." विश्राम हसला, पण ते हसू नव्हतं. "म्हणान मी सगळे नियम पाळतंय, मामांनू. तुमी सांगशात तसा."

त्या दिवशी भोकात वाकून मामांनी सगळ्यांची नावं घेतली. बाबलोपाशी आले आणि थांबले. विश्रामनं खालून न बोलावताच ठोके दिले, ठण् ठण्, आणि मामांनी भोकाची कड अशी धरली की बोटं पांढरी पडली.

मग सुरू झालं ते. रिकामी टाकी असो, धुऊन कोरडी केलेली असो, मामा तिथून हलायला निघाले की दोन ठोके. ऊन असलं तर वर्गीस लोखंडाचं नाव सांगे, नसलं तर दुसरीकडं बघे. पठाण काम सोडून दुसऱ्या टोळीत गेला. एका शुक्रवारी भर दुपारी मी आणि मामा कॅम्पच्या गच्चीवर कपडे वाळत घालत होतो. पाण्याच्या टाकीतून आवाज आला, पोलादावर पान्याचा. ती टाकी प्लास्टिकची होती.

"ऐकलं?" मामांनी विचारलं.

"नाही," मी म्हणालो. माझ्या हातातून चिमटे पडले होते, ते दोघांनीही पाहिले.

मामा टाकीपाशी गेले, तिच्यावर तळवा ठेवून उभे राहिले. बोलले, ते माझ्याशी की आणखी कुणाशी, कळलं नाही.

"मी तुला त्या झाडाखाली काय सांगितलं? एकदाच, पुरलं, खलास. आन् सोता काय करतो? उन्हात उभा राहतो. छाती भाजून घेतो. चहा पीत न्हाई. ह्ये काय हाय? ह्यो माझा बोकड हाय. रोज कापतो. रोज पुरत न्हाई. त्यानं सोताचं रक्त दिलं आन् मी त्याला म्हणतो, थांबा, माझा बी थोडा घाम घ्या."

"मामा, तुम्ही काळजीनं उभे राहता. त्यात वाईट काय?"

"काळजी ती निराळी. मी भितो म्हणून उभा हाय. देवाघरी जायला भीती न्हाई म्हणतो, आन् एका बाबल्यापुढं तोंड उघडत न्हाई. तिकडचं देणं खरंच फिटलं असंल, तर हिकडं खरं बोलायला काय जातंय? तुरुंग? तिथं बी तो माझाच याजक." मग कपड्यांकडं वळले. "पीळ नीट, पाणी गळतंय."

दुसऱ्या दिवशी जहाजावर नेहमीसारखी रांग लागली. पहिल्यानं बिल्ला दिला, तो अजून डेकवरच होता. दुसरा विश्राम. त्यानं बिल्ला पुढं केला, मामांनी हात मागं घेतला.

"थांब. तुझं नाव माझ्याकडं द्यायच्या आधी ऐक. तुझ्या भावाच्या टायमाला तोंडावर मी व्हतो."

विश्रामला कळलं नाही. तो अजून हसत होता.

"मी नको म्हटलं नव्हतं. मीच धाडला. माझी बॅटरी आणायला. आन् इसरलो. झाकण मी टाकलं. त्यानं ठोके दिले, ते ऐकून मी जेवत राहिलो. मग खोटी सही केली, का चूक त्याची. चूक त्याची नव्हती, बाबलो. त्यानं माझं ऐकलं म्हणून तो गेला."

ब्लोअर घरघरत होता. मी तो बंद केला, का ते सांगता येणार नाही. समुद्र इतका शांत होता की दूरच्या लाँचवरची माणसं बोलत होती ती ऐकू येत होती.

"तुमी?" विश्राम म्हणाला. "मामांनू, तुमी?"

त्यानं बिल्ला खिशात घातला. दोराच्या वेटोळ्यावर जाऊन बसला आणि हेल्मेट तोंडावर धरलं. त्या दिवशी कुणीच टाकीत उतरलं नाही, आणि टाकीतून काहीही वाजलं नाही. त्या दिवशीच नाही, त्यानंतर कधीही नाही.

वर्गीसला कळलं तसा तो मामांना केबिनमध्ये घेऊन गेला. दार उघडंच होतं.

"पागल हो गया? चार साल पुराना केस. कागज बंद. खोलेगा तो पहले जेल, फिर सीधा एअरपोर्ट. उधर से कौन आएगा तुमको पूछने?"

"कागज पे झूठ मेरा है, साब. मेरेकोच काटना है."

"भगवान से माफी माँगा ना तुमने? बस! पुलिस को क्यों बीच में लाता है?"

"माफी मिला ना, साब, इसीलिए जाता है. नहीं मिला होता तो छुपता."

वर्गीस स्वतः चर्चला जाणारा माणूस. तो खुर्चीत मागं टेकला. मग आपल्या गावच्या भाषेत काहीतरी पुटपुटला, ते शिवीसारखं नव्हतं.

विश्राम अकरा दिवस मामांशी बोलला नाही. एकाच खोलीत आम्ही आठ जण होतो, तो मामांच्या हातची भाजी घेत नसे, नुसती खुबूसची रोटी पाण्यात बुडवून खायचा. मामांनीही मागं लागून माफी मागितली नाही. त्याच्या पांघरुणाची घडी घालायचे, तेवढंच. बाराव्या दिवशी संध्याकाळी तो मामांच्या कॉटपाशी येऊन उभा राहिला.

"आयेक तुमी सांगा. माझ्याच्यान होवचा नाय."

समुद्राकडच्या रस्त्यावरच्या टेलिफोन बूथमध्ये आम्ही तिघं गेलो. विश्रामनं शेजाऱ्यांच्या घरचा नंबर लावला, आईला बोलावून घेतलं आणि रिसीव्हर मामांच्या हातात देऊन पाठ फिरवली. मामांनी सगळं सांगितलं. बॅटरी, झाकण, ठोके, सही. काही गाळलं नाही. पलीकडं काहीच नाही. कार्डाचे आकडे उतरत होते, आणि तारेत तो समुद्राखालून येतो तसा घोंघाट. मला वाटलं, फोन ठेवला असणार. मग म्हातारीचा आवाज आला, इतका स्वच्छ की बाहेर उभ्या असलेल्या मलाही ऐकू आला.

"म्हणजे माझो आबा सांगलेला आयकान गेलो?"

"व्हय, माय. सांगितलं म्हणूनच गेला."

त्यापुढं ती जे बोलली ते मामांनी कधी कुणाला सांगितलं नाही. कार्ड संपलं. मामा बाहेर आले आणि फुटपाथवर मटकन खाली बसले, पाय लांब करून, दमलेल्या माणसासारखे. विश्राम जरा दूर उभा होता. थोड्या वेळानं तोही बसला, मध्ये दोन हात जागा सोडून.

मामांना काही महिन्यांची शिक्षा झाली आणि आतूनच त्यांना विमानात बसवून दिलं. आम्हाला भेटता आलं नाही. नेवाशाहून दोन पत्रं आली, दुसऱ्याच्या हातची, खाली मामांची वेडीवाकडी सही. एकात लिहिलं होतं, छातीवरचे डाग जात आलेत, डॉक्टर म्हणतो उष्णतेचंच होतं. नंतर पत्र नाही. विश्राम सुट्टीवर जाऊन आला तेव्हा म्हणाला, आईनं फोटो सरळ केलाय, रोज त्याच्याशी भांडते. मामांना त्यानं माफ केलं का, हे मी विचारलं नाही, त्यानं सांगितलं नाही. भोकापाशी मामांच्या जागी मला उभं केलं. मी भित्रा आहे तसाच आहे. पण प्रार्थनेला उभा राहतो तेव्हा आवाज बारीक करत नाही, आणि हे माझ्या कर्तबगारीनं झालेलं नाही.

मी त्यांना शेवटचं पाहिलं ते पोलीस स्टेशनबाहेर. सकाळचे नऊ वाजले असतील. रोल्लातून कधीकाळी घेतलेला एकमेव पांढरा शर्ट, खोबरेल चोपडलेले केस, हातात पासपोर्टची झेरॉक्स. बरोबर यायला त्यांनी मला नको म्हटलं होतं, तरी मी गेलो. विश्राम येईल असं वाटलं नव्हतं. तो रस्त्याच्या पलीकडच्या बाजूनं आमच्या मागोमाग चालत आला आणि माझ्याशेजारी येऊन थांबला. मामांनी आम्हा दोघांना हात जोडले आणि एकट्यानंच रस्ता ओलांडला.

स्टेशनचं दार जुनं, जड लाकडी होतं. आवारात कुणी नव्हतं, पहारेकरी सावलीत पाठमोरा होता. मामा पायऱ्या चढले, त्यांनी शर्ट खाली ओढला आणि दार ढकलायला हात उचलला. हात दाराला लागायच्या आधी दार आतून उघडलं.

मी जिथं होतो तिथून दारामागं कोण आहे ते दिसायला हवं होतं. आतला बोळ सरळ दिसत होता, फरशी, भिंतीवरचं घड्याळ. तिथं माणूस नव्हता. पण मामा थबकले, आणि घाबरलेला माणूस थबकतो तसे नाही. त्यांचा चेहरा मला बाजूनं दिसला. पुष्कळ दिवसांनी गावचं कुणी भेटावं तसे ते हसले, उपासनेत लववावी तशी मान लववली, आणि आत गेले. दार सावकाश लागलं.

विश्रामच्या बाजूनं खांब आड येत होता. त्याला नुसतं मामांचं हसू दिसलं होतं.

"आत कोण वळखीचो हा काय त्यांचो?" त्यानं विचारलं.

"हो," मी म्हणालो.